एकेरी पेटी

१

माझ्या हातून बेसूर पेटी कधी बाहेर गेली नाही. हे वाक्य मी तीस वर्षं छाती पुढे काढून म्हणत आलो. आता ते म्हणत नाही.

मी गुलाब सुरवाडे, मुक्काम भुसावळ. रेल्वेच्या कॅरेज खात्यात होतो. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचं. खणखणीत वाजलं तर चाक बरं, भद्द वाजलं तर कुठेतरी तडा. कान तिथे तयार झाला. भीमजयंतीला गाणाऱ्या पार्ट्यांच्या पेट्या तेव्हापासूनच माझ्याकडे यायच्या. रिटायर झालो आणि घराच्या खालच्या खोलीत दुकानच थाटलं. वर आम्ही राहतो, मी आणि माझी मुलगी समीक्षा. तिची आई संघमित्रा शिरपूरला नर्स आहे. शनिवारी येते, सोमवारी सकाळच्या एसटीने परत जाते.

समीक्षा गाणं शिकते. विशारदची परीक्षा महिन्यावर आली होती. सात वर्षं पोरीने त्या एका परीक्षेसाठी घासली. नातेवाइकांनी टोमणे मारले, "गुलाबभाऊ, पोरगी गाऊन पोट भरणार का?" मी म्हणायचो, भरेल नाही तर नाही भरणार, तुमच्या घरी जेवायला येणार नाही. सकाळी तिचा रियाज वर चालायचा आणि बाजारातून आलो की खाली मी पेटी उघडून बसायचो. याहून जास्त सुख मी कधी मागितलं नाही.

त्या दिवशी दुपारी स्टेशनवरून रिक्षा करून एक म्हातारी आली. सत्तरीची असेल. जुन्या चादरीत बांधलेली पेटी तिने पोटाशी धरली होती.

"जय भीम, भाऊ. मी बेबाबाई, अमळनेरहून आले. भाता फाटला शे."

मी चादर सोडली. लहानशी, जुनी, एकेरी पेटी. म्हणजे एका पट्टीमागे एकच रीड, एकच आवाज. भाता उंदराने कुरतडला होता. मी भोकावर बोट धरून सगळे सूर वाजवून पाहिले. बाकी ठीक होते, पण मधल्या सप्तकातली 'पांढरी एक' ही पट्टी चांगलीच उतरलेली होती.

म्हातारीने माझा हात धरला. "बठ्ठं करा भाऊ, सगळं करा. पन हाऊ एक सूर जसा शे तसा राहू द्या. त्याले हात नका लावू."

"का हो मावशी? बेसूर आहे तो."

"राहू द्या," ती म्हणाली आणि चादरीची घडी करत बसली.

२

आता माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कुणाच्या घरी घड्याळ पाच मिनिटं मागे असेल तर मी स्टुलावर चढून लावतो. लग्नात मांडवातली पेटी उतरलेली असेल तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. संघमित्रा म्हणते, हा माणूस मेल्यावर पण तिरडीच्या गाठी तपासेल.

दोन दिवसांत भाता झाला. पेटी बंद करायला घेतली आणि ती पांढरी एक पुन्हा वाजवली. सूर जुळवायला ठेवलेल्या माझ्या मापाच्या पेटीवर तीच पट्टी दाबून दोन्ही आवाज सोबत ऐकले. सेकंदाला चार लहरी.

लहर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, की एकत्र वाजताना आवाज डुलतो. फरक जास्त तर लहरी जलद. सूर जुळत आले की लहर मंद होत जाते, आणि पूर्ण जुळले की थांबते. आमचा सगळा धंदा या लहरीवर आहे. चार लहरी म्हणजे त्या जागेला साधारण एक श्रुती, शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी लटकलेला आवाज. समीक्षा काळी चारला सा धरून गाते, तिचा गंधार नेमका याच पट्टीवर येतो. पेटीतला गंधार तसाही जरा चढाच असतो, गाणारे कुरकुर करतात. पण हा गळ्याच्या गंधाराच्याही खाली होता.

म्हटलं, म्हातारीला काय कळतं! घरी नेल्यावर तिलाच गोड लागेल. रीड काढली, खाली वर्तमानपत्र अंथरलं, बारीक कानस घेतली. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. टोकाला सहा-सात हात मारले. पिवळी भुकटी कागदावर पडली. मोबाइलमधल्या सूर मोजायच्या ॲपचा काटा मधोमध येऊन थांबला, मापाच्या पेटीसोबत लहर उरली नाही. मी कागदावरची भुकटी फुंकून टाकली आणि समाधानाने चहा ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पेटी शेवटची तपासायला घेतली. मापाची पेटी कपाटात बंद होती. एकेरी पेटीची पांढरी एक दाबली, भाता हलवला.

आवाज डुलला.

मी बोट काढलं. पुन्हा दाबलं. सेकंदाला चार, अगदी मोजून चार लहरी.

आता हे होऊच शकत नाही. एकट्या सुराला लहर येत नाही, लहर यायला दोन सूर लागतात. मी हसलो. पंख्याच्या पात्यांवर आपटून आवाज तसा होतो कधी कधी. पंखा बंद केला. चार लहरी. बाकीच्या रीडमधून हवा गळत असेल म्हणून प्रत्येक भोकावर चिकटपट्टी लावली. चार लहरी. ती रीड काढून हातात धरली, तडा शोधला, नखाने टिचकी मारली. रीड निरोगी होती. मोबाइलवर आवाज भरून घेतला आणि रेल्वेच्या मैदानात जाऊन कानाला लावून ऐकला. तिथेही चार.

मग कान. साठी उलटली, हातोडीच्या आवाजात जन्म गेला, कान बिघडला असेल. दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन तपासून घेतला. तपासणारी मुलगी म्हणाली, काका, असे कान पंचविशीतल्यांचे नसतात. एरवी मी हे चार जणांना सांगितलं असतं.

परतीच्या गाडीत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जुना सूर नव्या सुरापेक्षा चार लहरींनी खाली होता. म्हणजे मी घासून काढलेला सूर गेलाच नव्हता. तो माझ्या दुकानात होता आणि नव्या सुराच्या सोबत वाजत होता. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसं. भूतखेत, अंगारे, गंडेदोरे आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी स्वतःला शिव्या घातल्या आणि खिडकीतून बाहेर केळीच्या बागा बघत बसलो.

४

समीक्षाच्या गाण्याच्या बाईंचा फोन आला तो त्याच आठवड्यात. "गुलाबभाऊ, हिचा गंधार उतरायला लागलाय. सात वर्षांत कधी झालं नाही. परीक्षेत हे चालणार नाही."

मी जिना चढून वर गेलो. ती तानपुऱ्याच्या ॲपसमोर बसून गात होती. सा लागला, रे लागला, आणि गंधारावर येऊन ती खाली सरकली. एक श्रुती खाली. तिथे थांबली आणि थांबूनच राहिली. मला तो सूर ओळखायला अर्धा सेकंदही लागला नाही.

"समू, कुठे लावतेस?"

ती दचकली. "पप्पा, तुम्ही वर कधी आलात? आणि खाली कोण आहे मग?"

"खाली कोणी नाही."

"रोज सकाळी तुम्ही खाली गंधार धरता ना? मी तुमच्याशी जुळवते. थोडा खाली वाटतो, पण म्हटलं तुमचा कान आहे, बरोबरच असणार."

सकाळी या वेळी एरवी मी भाजीबाजारात असतो, आज त्या फोनमुळे थांबलो होतो. हे तिला माहीत आहे. बोलून झाल्यावर तिलाही ते आठवलं असावं, कारण तिने ॲप बंद केलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी म्हटलं, शेजारी कोणी भजन लावलं असेल. ती हो म्हणाली. आमच्या शेजारी रेल्वेचं गोदाम आहे.

५

त्यानंतर पंधरा दिवसांत तिचे एकेक सूर सुटत गेले. पंचम गेला, धैवत गेला. बोलणं नेहमीसारखं, हसणं नेहमीसारखं, जेवताना माझ्या आमटीला नावं ठेवणंही नेहमीसारखं. गायला तोंड उघडलं की मात्र तोच एक सूर यायचा. संघमित्राने शनिवारी बॅटरी लावून घसा बघितला, सोमवारी रजा टाकून तिला जळगावला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. नळी घालून पाहिलं. काही नाही, अगदी निरोगी.

"ताण आहे परीक्षेचा," संघमित्रा म्हणाली. मीही मान हलवली. बायकोला मी पेटीचं काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? एकटी रीड डुलते म्हणून?

सगळ्यात वाईट म्हणजे समीक्षा रडत नव्हती. जी पोरगी एक तान चुकली तर दोन दिवस जेवायची नाही, ती संध्याकाळी दिवेलागणीला खाली यायची, त्या एकेरी पेटीजवळ मांडी घालून बसायची आणि तो सूर धरायची. पेटी बंद असायची.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"एकटं वाटत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी अमळनेरची गाडी पकडली. पेटी घरीच ठेवली. आधी विचारायचं, मग काय ते बघू.

६

बेबाबाईचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर तसबिरी, खाली लख्ख सारवलेली जमीन. कोपऱ्यात सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्या एका टोकाला पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास ठेवला होता. त्या टोकासमोर पेटी ठेवण्याइतकी जागा मोकळी होती.

"मना पोरगा लोटन पार्टीत गाये," म्हातारी म्हणाली. "बठ्ठा तालुका ओळखे. मंग गळ्याचं दुखणं झालं. एकेक सूर गया. शेवटी एकच राहिला, तोही पेटीत सापडेना. मंग त्यानं कानशीनं पेटीचा सूर उतरवला, आपल्याजोगा केला. म्हणे, माय, एक तरी जागा शे जठे मी बेसूर नाही."

"किती वर्षं झाली?"

"जायाले चार वर्षं झाली. तो होता तवा सांजले मी भाता हलवू, तो सूर धरे. आताही हलवते. दोन मिनिटं. एकटं पडायला नको ना पोरगं."

मी ग्लासाकडे बघत होतो. ती म्हणाली, "गाणाऱ्याच्या घशाले पाणी लागतं, भाऊ."

मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पेटी झाली का? सांजले घर रिकामं लागतं. तुम्ही त्या सुराले हात नाही ना लावला?"

"नाही," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळ भांडलो, पण खोटं फार कमी बोललो. परतीच्या गाडीत मला माझीच लाज वाटत होती. तोंडाला कोरड पडली होती, आणि तरी स्टेशनवर पाणी प्यायला उतरायची हिंमत झाली नाही.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. समीक्षा वर झोपली होती. घासलेलं पितळ परत जोडता येत नाही, पण सूर परत उतरवता येतो. रीड काढली, वर्तमानपत्र अंथरलं, बुडाशी कानस लावली. दोन हात मारायचे, रीड बसवायची, ऐकायचं. पुन्हा काढायची.

चार लहरी. मग तीन. मग दोन. मी इतक्या हलक्या हाताने कधी काम केलं नसेल. रीड बुडाशी पातळ होत चालली होती, एक हात जास्त पडला असता तर तुटली असती. एक लहर झाली, लांब, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी वरखाली होणारी. शेवटचा एक हात मारला. रीड बसवली, पट्टी दाबली.

लहर थांबली.

आवाज सरळ झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं मोठ्याने म्हणालो. भाता मिटला, पट्टीवरून बोट उचललं.

सूर चालूच राहिला.

मी मान वळवली. समीक्षा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. ती गात होती. मला हायसं वाटलं. अरे, ही आहे, आपली पोरगी आहे, दुसरं कोण असणार! मग तिचा दम संपला आणि ती थांबली.

तो एक क्षण खोलीत काहीच वाजत नव्हतं. मग कोणीतरी श्वास घेतला. पायरीवरून नाही. पेटीच्या पलीकडून, माझ्यासमोर हातभर अंतरावरून, घसा खराब झालेल्या माणसाचा लांब, ओढून घेतलेला श्वास. वर्तमानपत्रावरची पितळेची भुकटी माझ्यापासून दूर सरकली, त्या बाजूला, एक बारीक रेघ होऊन. आणि त्याच वेळी पायरीवर समीक्षाचे खांदे वर उचलले गेले.

दोघांनी सूर सोबत धरला. मी कान देऊन ऐकलं, जितकं ऐकता येतं तितकं. एकच आवाज होता.

लहर थांबली म्हणजे दुसरा सूर गेला असं नसतं. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

८

परीक्षेला चार दिवस राहिले असताना मी पेटी चादरीत बांधली आणि समीक्षाला घेऊन अमळनेरला गेलो. तिला नेणार नव्हतो. पण पेटी उचलली तशी ती चपला घालून दारात उभी राहिली.

दिवेलागणीची वेळ होती. बेबाबाईने पेटी सतरंजीसमोर ठेवली, ग्लासातलं पाणी बदललं, आणि भाता हलवून ती पट्टी दाबली. सूर अगदी जुन्या जागेवर होता, मी छातीवर हात ठेवून सांगतो. ती ऐकत राहिली. मग तिचा हात थांबला.

"एकलीच वाजी राहिनी," ती म्हणाली. "रिकामी शे. हात लावला तुम्ही."

मी तिच्या पायाशी बसलो. "चुकलो, मावशी. घासला होता, परत उतरवला. तुम्ही सांगून पण मी ऐकलं नाही."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती पेटीवरून हात फिरवत राहिली, जसा तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवतात.

तेवढ्यात समीक्षा पुढे आली. कोणी काही न सांगता ती सतरंजीच्या त्या टोकाला, पेटीसमोर बसली आणि तिने सूर धरला. म्हातारीची बोटं पट्टीवर तशीच होती, भाता बंद होता. ती हळूच वाकली, माझ्या पोरीच्या गळ्याशी कान नेला. कितीतरी वेळ तशीच होती.

"उना," ती म्हणाली, म्हणजे आला. आणि रडायला लागली.

समीक्षाने ग्लास उचलला आणि पाणी प्यायलं, दोन घोट, घसा जपून पितात तसं.

"मावशी, रविवारी परीक्षा आहे तिची," मी म्हणालो. माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला. "सात वर्षं घातलीत तिने. एवढी माझी पोर सोडवा."

"मी काय सोडवू, भाऊ? मी काय धरलं शे?" तिने पदराने डोळे पुसले. "सांजले आणत जा तिले. दोन मिनिटं बसली की दिवसभर बरी राहील. लोटनचं बी तसंच होतं."

"किती दिवस?"

"मी शे तोवर."

"आणि मग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, मला तो शोधूनही सापडला नाही.

"मंग तुम्ही शेतस ना," ती म्हणाली.

रविवार येऊन गेला. एका सुरावर परीक्षा होत नाही, आम्ही गेलो नाही. संघमित्राने शिरपूरहून बदलीचा अर्ज टाकलाय, तो कधी मंजूर होईल देव जाणे. म्हणजे, आमच्यात देव जाणे म्हणत नाहीत, पण जीभ वळते तशी. मी आणि समीक्षा रोज दुपारच्या गाडीने अमळनेरला जातो. गाडीत ती खिडकीशी बसते, शेंगा सोलून मला देते, वर्गातल्या मैत्रिणींच्या गमती सांगते. मी हसतो, आणि तिच्या बोलण्यात लहर येते का ते ऐकत राहतो.

काल बेबाबाईला ताप होता. ती भिंतीला टेकून बसली होती, उठवेना. पेटी जागेवर होती, ग्लास भरलेला होता. ती थोडी बाजूला सरकली आणि पेटीजवळची जागा तिने हाताने झाडली.

"या भाऊ. आज तुम्ही बसा. भाता हलका ठेवा."

मी बसलो. समोर समीक्षाने पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी भाता उघडला, पट्टी दाबली. तिने सूर धरला. मी मोजायला लागलो.

एकही लहर आली नाही.